सिस्टरांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

नववीतल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे सल्ला विचारायला येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: गाणं, खेळ, स्पर्धा हे सगळं आता बंद करू का? वसईत सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनी, चालवतात अशा एका कॉन्व्हेंट शाळेतल्या मुलीची आईही हेच विचारायला आली होती. ओळख पटेल असे तपशील बदलून तिची हकीगत सांगते, कारण त्या घरातली खरी अडचण वेगळीच निघाली आणि ती मला अनेक घरांत दिसते.

डिसेंबर लागला होता. मुलीचा आवाज बसलेला. दर गुरुवारी सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. सहामाहीत गणिताचे मार्क घसरलेले. आई म्हणाली, “आता फक्त शाळा आणि क्लास. बाकी सगळं बंद.”

मी मुलीला कोरा कागद दिला आणि तिचा आठवडा मांडायला सांगितला. तिनं पट्टीनं चौकोन आखले. शाळा भरण्याआधी गेटवर आरएसपीची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रस्ता सुरक्षा पथकाची, ड्यूटी. मधल्या सुट्टीत कॅरल, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या, स्पर्धेची तालीम. शाळा सुटल्यावर गॅदरिंगचा नाच. गुरुवारी आंतरशालेय वक्तृत्वाची तयारी. शनिवारी स्पोर्ट्स डेसाठी हाऊसचं मार्च पास्ट. रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना), धर्मशिक्षण आणि नाताळ तोंडावर म्हणून चर्चच्या गायनमंडळाची प्रॅक्टिस. क्लास तिनं समासात लिहिला. चौकोन उरलाच नव्हता.

“यातलं काय ठेवायचंय?”

“गाणं. आणि आरएसपी.” उत्तर लगेच आलं.

“वक्तृत्व?”

ती कागदाच्या कोपऱ्याला घडी घालत राहिली. “एकटीनं बोलायला मला भीती वाटते. गाताना सगळ्या सोबत असतात. पण सिस्टर म्हणाल्या, तूच जा, तू विश्वासाची आहेस.”

गुरुवारचं पोटदुखीचं कोडं तिथंच सुटलं.

अशी चार-पाच मुलं प्रत्येक शाळेत असतात. पाठांतर चोख, वेळेवर हजर, घरून कधी तक्रार नाही. स्पर्धा आठवड्यावर आली की शिक्षकांना खात्रीचं मूल हवं असतं, त्यामुळे दर वेळी त्याच मुलांची नावं जातात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण अशा मुलांना नकार द्यायची सवयच लागत नाही, आणि वर्गातल्या बाकीच्यांची पाळी कधी येत नाही. मला हे दोन्हींवर अन्यायाचं वाटतं.

हे बोलल्यावर आईनं मनातली भीती सांगितली. “आम्ही कॅथलिक. सिस्टर रविवारी चर्चमध्ये भेटतात. नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल? दाखल्यावर काही लिहिलं तर? दहावीचे मार्क?”

मार्कांचं आधी मोकळं करून सांगितलं. दहावीला वाढीव गुण मिळतात ते ठरलेल्या नियमांनी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. शिवाय वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांना क्रीडागुण. गॅदरिंगचा नाच किंवा वक्तृत्व सोडल्यानं बोर्डाचा एकही गुण जात नाही. इंटरमिजिएटची परीक्षा तिनं वडिलांच्या आग्रहामुळे दिवाळीआधी दिली होती, आवडीनं नव्हे. त्याला माझी हरकत नव्हती. गुणांसाठी एखादी गोष्ट मुलानं केली तरी चालते, ती कशासाठी करतोय आणि कधी संपणार हे त्याला माहीत असलं म्हणजे झालं.

सिस्टरांशी कोण बोलणार? आई म्हणाली, मी चिठ्ठी देते. मी थांबवलं. बोलायचं मुलीनंच, आईनं फक्त सोबत उभं राहायचं. माझ्या खोलीत आम्ही सराव केला. सुरुवातीला तिच्या दर वाक्यात ‘सॉरी’ येत होतं, वर पोटदुखीचं कारण. शेवटी एवढंच उरलं: “सिस्टर, यंदा मी कॅरल आणि आरएसपीमध्ये आहे. वक्तृत्व आणि नाच मला जमणार नाही.”

सिस्टर आधी नाराज झाल्या. ऐन वेळी दुसरी मुलगी कुठून आणू, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पुढे आईबरोबर मीही त्यांना भेटले. बोलता बोलता मुलांसाठी शाळा काढणारे इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को यांच्या 1877 च्या शिक्षणपद्धतीवरच्या निबंधाचा विषय निघाला. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. मुलांना पळायला, उड्या मारायला, मनसोक्त दंगा करायला भरपूर मोकळीक द्या, हे त्यात आधी येतं. व्यायाम, संगीत, पठण, नाटक, सहली त्यानंतर. मी मुलीनं आखलेला आठवड्याचा कागद पुढे ठेवला आणि यात मोकळीक कुठं दिसते का, एवढंच विचारलं. सिस्टरांनी तो बराच वेळ पाहिला. रविवारचे तास त्यांनी कधी धरलेच नव्हते, कारण ते शाळेच्या वेळापत्रकात नसतात. वक्तृत्वाला त्यांनी दुसऱ्या तुकडीतली मुलगी पाठवली.

गुरुवारची पोटदुखी जानेवारीत थांबली. गणिताचे मार्क लगेच वाढले नाहीत. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी ती सुरुवातीला नुसती झोपायची. आईला ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, झोपू दे, दमलीय पोर.

तुमच्या घरी हेच चाललं असेल तर सरसकट बंदी घालण्याआधी असा कागद मुलाकडून भरून घ्या. चर्चचं, क्लासचं, प्रवासाचं सगळं त्यात येऊ द्या. बक्षीस नसतं तरी काय केलं असतं, हे विचारा आणि ते सगळ्यात शेवटी सोडा. शाळेशी बोलायचं ते जूनमध्ये, नावं ठरत असताना. म्हणजे शिक्षकांना दुसरं मूल तयार करायला वेळ मिळतो. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा मूल शाळेत जायलाच घाबरत असेल, तर मात्र जूनची वाट बघू नका. डिसेंबर असला तरी नाव काढून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.