पखवाजाची कणीक

एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं. श्रीवर्धन तालुक्यातलं खेडं. वडील, म्हणजे तात्या, गेल्या कार्तिकात एक्याण्णवाव्या वर्षी गेले. पोफळीचं आगर, देवळातला पखवाज आणि कार्तिकीची वारी यात त्यांचा जन्म गेला. धाकटा भाऊ वर्षश्राद्धाला स्मरणिका काढतोय. बहिणीकडे त्याने दोन पानं मागितलीत. मसुद्यात त्याचं वाक्य आहे, 'तात्यांची एकही वारी कधी चुकली नाही.' चुकली होती, १९७७ ची आणि १९७८ ची. मधला भाऊ सहा वर्षांचा असताना विंचू चावून गेला, आणि त्या रात्री तात्या एकादशीच्या भजनात होते. पुढची दोन वर्षं त्यांनी पखवाजाला हात लावला नाही, देवळाची पायरी चढले नाहीत. भाऊ म्हणतो, 'बुवांनी (म्हणजे तात्यांनी) देव टाकला होता असं लोकांनी बोलायला हवंय का?' बहीण विचारते, खरं लिहू की गप्प बसू?

ताई, सप्रेम नमस्कार.

लिहा. पण कसं लिहायचं आणि आधी कुणाला विचारायचं, त्यावर जरा बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते फक्त कणकेसाठी. तुमचं घर भाताचं. गहू दळून यायचा तो सणासुदीला आणि पखवाजाला. डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्याला, कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही, नुसता पत्र्याचा डबा वाजतो. म्हणून आई गव्हाच्या पिठाचा छोटा डबा वेगळा ठेवायची. भजनाच्या दिवशी लिंबाएवढा गोळा भिजवायची आणि तो देवळात पळत न्यायचं काम त्या सहा वर्षांच्या पोराचं. तो गेल्यावर डबा फडताळात तसाच राहिला, पिठाला जाळी लागली, आईने ते कोंबड्यांना टाकलं. आणि दोन वर्षांनी एका संध्याकाळी तात्या आगरातून आले, पाय धुतले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "कणीक आहे का गं?" आई काही न बोलता मागच्या दाराने शेजारी पळाली आणि पदरात मूठभर पीठ घेऊन आली. त्या दिवशी ते देवळात गेलेच नाहीत. पडवीत एकटेच वाजवत बसले.

अहो, हे तुम्ही पत्राच्या शेवटी 'जाता जाता' म्हणून लिहिलंय! तुमची दोन पानं हीच.

भावाची भीती मला कळते. स्मरणिकेत माणूस देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं. आमच्याकडे सासऱ्यांची अशीच स्मरणिका निघाली होती. 'सात्त्विक', 'निगर्वी', 'परोपकारी', सगळं होतं तिच्यात. ते चहा बशीत ओतून आधी मांजराला द्यायचे, तेवढं मात्र नव्हतं. दीडशे प्रती अजून माळ्यावर आहेत. गेल्या पावसात गळती लागली तेव्हा त्यातल्या काही बादलीखाली घातल्या.

राहिली देवावर रुसण्याची गोष्ट. जनाबाईने विठ्ठलाला तोंडभरून शिव्या घातल्यात आणि आपण त्या टाळ वाजवत म्हणतो. मग तात्या दोन वर्षं गप्प राहिले तर त्यात निंदा कसली? आणि मला तर वाटतं ते देवावर रुसलेच नसतील. गोळा घेऊन येणारं पोर नाही, तर पखवाज पुढ्यात ओढायचा कसा, एवढंच असेल. हा माझा अंदाज, तुम्हाला पटला नाही तर सोडून द्या.

तुम्ही आणखी एक ओझं वाहताय, असं पत्रावरून दिसतं. 'तात्या घरी असते तर भाऊ वाचला असता' हे तात्या कधीतरी पुटपुटले आणि तुम्ही ते नऊ वर्षांच्या असताना ऐकलंत. यावर मात्र मला ठाम बोलता येतं. १९७७ साली, तुमचा रायगड जिल्हा अजून कुलाबाच होता तेव्हा, लाल विंचवाच्या विषावर नेमका इलाजच नव्हता. विष हृदयावर जायचं, फुप्फुसात पाणी भरायचं आणि दवाखान्यापर्यंत पोचलेली मुलंही डोळ्यांदेखत जायची. तुमच्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर याच सुमाराला ते पाहत होते. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरायला सुरुवात केली ती १९८० नंतर. ते सुरू झालं आणि मग कोकणातली पोरं वाचायला लागली. पोराने सोडणांच्या, म्हणजे सालपटांच्या, ढिगात हात घातला त्या संध्याकाळी तात्या देवळात नसून ओटीवर बसलेले असते, तरी त्यांच्या हातात काय होतं? मंतरणारा आला असता, पहाटेच्या एसटीची वाट पाहिली असती. हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता निदान तुम्ही तरी ते खांद्यावरून उतरवा.

आता भाऊ. तो तेव्हा तीन वर्षांचा होता ना? म्हणजे त्याने पाहिलेत ते परत वाजवायला लागलेले तात्या. कार्तिकी न चुकवणारे. (आषाढीला तुमच्याकडे लावणी, आगर आणि शेत टाकून जाणार कोण, म्हणून कार्तिकी, हेही लिहा. नातवंडांना ठाऊक नसतं, ती विचारतात, आजोबा आषाढीला का नाही जायचे.) त्याला खोटं लिहायचं नाहीये, त्याला माहीतच नाहीये. तेव्हा घरच्या ग्रुपवर मसुद्यावर शेरे मारू नका. फोन करा, किंवा गणपतीला सगळे गावी याल तेव्हा त्याला विहिरीकडे घेऊन जा आणि कणकेची गोष्ट सांगा. स्मरणिकेचं नाव काढू नका. आधी भावाला भाऊ म्हणून कळू दे.

आणि त्याच्याही आधी आईला विचारा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचं दुःख तुम्ही छापायला निघालाय. ती दुपारी आडवी होण्याआधी एकटी असते तेव्हा बसा जवळ. ती नको म्हणाली, तर छापू नका. वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. पण मला वाटतं ती नको म्हणणार नाही. पीठ आणायला तीच पळाली होती.

एक तक्रार मात्र आहे. निसर्ग वादळाचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. ३ जून २०२० ला ते तुमच्याच किनाऱ्याला धडकलं, तात्यांच्या बहुतेक पोफळी दुपारपर्यंत आडव्या झाल्या, आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाने श्रावणात रोठा सुपारीची नवी रोपं लावली. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात, हे त्यांना काय माहीत नव्हतं? आळी कुणी केली, रोपं कुठून आणली, लावताना काही बोलले का? गड्याला विचारा, त्याला सगळं आठवत असेल. पुतण्यांची लग्नं, मनीऑर्डरी, हे सगळं भाऊ लिहीलच. ते त्याच्याकडे राहू दे.

भाऊ काहीही म्हणाला तरी 'एकही वारी चुकली नाही' हे वाक्य काढायला लावा. दिंडीतले जुने सोबती अजून हयात आहेत, ते वाचतील आणि एकमेकांकडे बघतील. परमपूज्यही काढलंत तर उत्तम, पण त्यावर भांडू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. पत्रासोबत मसुद्याचं पहिलं पान पाठवलंत. जन्म, गाव, शिक्षण चौथी, विवाह. त्याखाली छापलंय, 'अपत्ये : दोन'.

ताई, तीन. भावाला फोन कराल तेव्हा हे पहिल्यांदा बदलून घ्या. आणि त्या पोराचं नाव घाला. पत्रात तुम्हीही ते कुठेच लिहिलेलं नाही.