बीज यायच्या आधी शुक्राणू तिथे पोचलेले हवेत

अगं, तू लिहिलंयस की पाळी 32 दिवसांनी येते, तरी मूल व्हावं म्हणून चार महिने फक्त पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून 14 व्या दिवशीच ट्राय करताय, आणि नंतर सगळं वीर्य बाहेर येतं म्हणून अर्धा तास पाय वर करून पडून राहतेस. आधी ते पायांचं सोड. बाहेर येतं ते बहुतेक पाणीच असतं, पोहणारे शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडातल्या स्रावात शिरलेले असतात.

खरी अडचण तारखेची आहे. एग रप्चर झाल्यापासून, म्हणजे बीज बाहेर पडल्यापासून (ओव्ह्युलेशन), पुढच्या पाळीपर्यंत साधारण 14 दिवस जातात, म्हणजे तुझं एग 18 व्या दिवसाच्या आसपास येत असणार, आणि ते जगतं जेमतेम 12 ते 24 तास. शुक्राणू मात्र चांगला स्राव मिळाला तर पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून आधीचे दिवसच महत्त्वाचे, 1995 साली 221 बायकांचा एक अभ्यास आला होता त्यात ज्यांना दिवस राहिले त्या सगळ्यांचा संबंध ओव्ह्युलेशनचा दिवस धरून आधीच्या सहा दिवसांतलाच होता.

मला स्वतःला हे कळायला दीड वर्ष लागलं. आपल्याला वाटतं शर्यत लागते आणि पहिला पोचणारा जिंकतो, तसं नाही गं. कोट्यवधी निघतात, गर्भनलिकेत पोचतात फार तर काहीशे, आणि नुकताच पोचलेला शुक्राणू बीजात शिरूच शकत नाही! बाईच्या शरीरात काही तास काढल्यावर त्याच्यात बदल होतात (हे 1951 मध्ये कळलं), मगच तो बीजाच्या जाड कवचाला चिकटतो, डोक्यावरची टोपी फुटून त्यातले एन्झाइम सुटतात आणि शेपटीचे जोरात फटके मारत तो आत घुसतो. एक आत गेला की बीज लगेच कवच बदलून टाकतं, दुसऱ्याला वाट नाही.

तर 12 व्या दिवसापासून 19 व्या पर्यंत एक दिवसाआड ठेवा. स्राव दोन बोटांत धरून बघ, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा न तुटता ताणला गेला की ते दिवस सोडू नका. ओव्ह्युलेशन जवळ आलंय का ते सांगणारी किट वापरलीस आणि ती पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. नवऱ्याची सीमेन टेस्ट (वीर्याची तपासणी) आत्ताच करून घ्या, साधी तपासणी आहे, आणि काही कमी निघालं तर औषधाचा फरक दिसायला अडीच-तीन महिने जातात कारण नवे शुक्राणू तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो. तुझं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नकोस, डॉक्टरांकडे जा. आणि प्रेग्नन्सी टेस्ट पाळी चुकल्यावरच कर, गर्भ रुजायलाच ओव्ह्युलेशननंतर 6 ते 10 दिवस लागतात, त्याआधी रेघ येतच नाही आणि उगाच रडू येतं.