वाचकांचे प्रश्न : ‘कानला निवड’ म्हणजे नेमकी कुठे?

प्रश्न : २०२४मध्ये पायल कपाडियांच्या चित्रपटाला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळालं. १९४६मध्ये ‘नीचा नगर’लाही तेच मिळालं होतं ना? मग एवढं कौतुक कसलं? (सांगली)

उत्तर : नाव एकच, मान वेगळा. १९४६मध्ये ग्रां प्री हाच सर्वोच्च पुरस्कार होता आणि तो अकरा चित्रपटांत विभागून दिला गेला. १९५५मध्ये ‘पाम दोर’ हे नवं सर्वोच्च पारितोषिक आलं. आज ग्रां प्री दुसऱ्या क्रमांकावर आहे. १४ ते २५ मे २०२४ला झालेल्या ७७व्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत २२ चित्रपट होते. ग्रेटा गर्विग यांच्या ज्युरीनं पाम दोर ‘अनोरा’ला दिलं, ग्रां प्री ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला. कौतुक खरं तर निवडीपासूनच होतं : मुख्य स्पर्धेत याआधीचा भारतीय चित्रपट म्हणजे १९९४चा, शाजी करुण यांचा ‘स्वाहम्’.

प्रश्न : छाया कदम यांचे त्या वर्षी दोन चित्रपट कानला होते. दोन्ही स्पर्धेत होते का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. स्पर्धेत होता तो पायल यांचा. त्यात छायाताईंची पार्वती इस्पितळात स्वयंपाक करते आणि शेवटी तुमच्याच रत्नागिरीकडे परतते. ‘सिस्टर मिडनाइट’ होता डायरेक्टर्स फोर्टनाइट या समांतर विभागात. १९६९पासूनचा हा विभाग फ्रेंच दिग्दर्शकांची संघटना चालवते. गाव तेच, दिवस तेच, निवड समिती मात्र स्वतंत्र.

प्रश्न : ओळखीतल्या एकाची शॉर्टफिल्म ‘कानला निवडली गेली’ म्हणून गावात फ्लेक्स लागलाय. खरं कसं ओळखायचं? (बार्शी)

उत्तर : विभाग कोणता, एवढंच विचारा. उत्तर ‘शॉर्ट फिल्म कॉर्नर’ किंवा ‘मार्शे’ आलं, तर तो चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचा बाजार आहे. मार्शे द्यु फिल्ममध्ये पैसे भरून नाव नोंदवतात, शोसाठी हॉल भाड्यानं घेतात. महाराष्ट्र सरकार २०१६पासून मराठी चित्रपट पाठवतं तेही इथेच. वितरक भेटतात, म्हणून जाणं शहाणपणाचं. पण त्याला महोत्सवाची निवड म्हणू नये. अधिकृत निवडीतली प्रत्येक फिल्म महोत्सवाच्या संकेतस्थळावर वर्षानुसार सापडते. तिथे नाव नसेल तर समांतर विभागांच्या याद्या पाहा. तिथेही नसेल, तर फ्लेक्सवरचं सोनेरी पान, म्हणजे कानचं चिन्ह, बिनकामाचं.

खरोखर पाठवायची असेल, तर लघुपट स्पर्धेत श्रेयनामावलीसकट १५ मिनिटांची मर्यादा आहे. सोळावं मिनिट लागलं की संपलं. आधी यूट्यूबवर टाकलेली फिल्म चालत नाही. हौसेनं ‘पब्लिक’ केलेल्या एका लिंकपायी संधी जाते. इंग्रजी किंवा फ्रेंच सबटायटल्स हवीतच. चित्रपटशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ला सिनेफ’ आहे, तिथे ६० मिनिटांपर्यंत मुभा. २०२४मध्ये त्यातलं पहिलं बक्षीस, १५,००० युरो, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशाळेत शिकलेल्या चिदानंद नाईक यांनी आणलं. त्यांची फिल्म जेमतेम १६ मिनिटांची : म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही.