लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेत ग्रेट डेन जातीचा कुत्रा पाळावा का?
नका पाळू, फ्लॅट लहान म्हणून नव्हे, जिन्यामुळे. घरात हा गडी बहुतेक वेळ पसरलेलाच असतो, त्याला वन बीएचके पुरतो. पण पूर्ण वाढलेला नर ६०-७० किलोंचा होतो आणि आजारी पडला की चादरीची झोळी करून दोघातिघांना तो खाली उतरवावा लागतो. जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, हे नेहमीचं दृश्य. या जातीत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका मोठा. अशा वेळी तासाभराचा उशीरही जिवावर बेततो, आणि रिक्षावाले तर बघूनच पुढे जातात. पिल्लू असताना रोजची चढ-उतार सांध्यांनाही बरी नाही. तळमजला किंवा लिफ्टवालं घर मिळालं तर खुशाल आणा, फक्त गुळगुळीत टाइल्सवर जाजम अंथरा.