वाचकांचे प्रश्न : काड्यांचे गठ्ठे आणि वहीतली वजाबाकी

प्रश्न : तासगाव तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. तिसरीच्या मुलांकडून काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वापरून हातच्याची वजाबाकी करून घेतली. काड्या समोर असताना बहुतेकांचे उत्तर बरोबर येते; वहीत मात्र तीच मुले ५२ − २७ = ३५ असे लिहितात. कृतीला इतका वेळ देऊनही असे का होते?
— एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : ३५ हे उत्तर निष्काळजीपणाचे नाही. मुलांनी एककाच्या घरात सातातून दोन आणि दशकाच्या घरात पाचातून दोन वजा केले आहेत, म्हणजे ‘मोठ्यातून लहान’ हा नियम त्यांनी इमानेइतबारे पाळला आहे. बिनहातच्याच्या उदाहरणांत हा नियम दर वेळी लागू पडलेला असतो आणि पुष्कळदा तो आपणच तोंडी सांगितलेला असतो. काड्या हातात असताना तो चालत नाही, कारण दोन सुट्या काड्यांतून सात देता येत नाहीत ही अडचण समोर दिसते. वहीत २ च्या खाली ७ लिहिला की तशी कोणतीच अडचण जाणवत नाही.

दुसरे कारण शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. एखाद्या मुलाला काही न सांगता बावन्न काड्यांतून सत्तावीस द्यायला सांगून पाहा. बहुतेक मुले आधी दोन गठ्ठे उचलून देतात, मग उरलेल्या तीन गठ्ठ्यांपैकी एक सोडतात आणि झालेल्या बारा सुट्यांतून सात देतात. उत्तर २५ येते आणि रीतही बिनचूक आहे. परंतु हात दशकाकडून एककाकडे गेले, तर वहीतली मांडणी एककापासून सुरू होते. आपण फळ्यावर जे लिहितो ते आपण आत्ताच केलेल्या कृतीचे लेखन आहे, हे मुलाला कळायला काही आधारच राहत नाही. म्हणून पहिले काही दिवस मुलांना त्यांच्या रीतीने करू द्यावे, आणि नंतर ‘सुट्यांपासून सुरुवात केली तर काय होईल?’ असे विचारून तीच वजाबाकी उलट क्रमाने करून घ्यावी.

यानंतर मुलांना जोडीने बसवावे. एकाने काड्या हाताळाव्यात आणि दुसऱ्याने प्रत्येक हालचाल झाल्याबरोबर लिहावी : गठ्ठा सोडला की त्याच क्षणी ५ खोडून वर ४ लिहायचा आणि २ च्या जागी १२ करायचे. सगळ्या काड्या देऊन झाल्यावर शेवटी एकदम उत्तर उतरवून घेणे ही या कृतीतली सर्वांत मोठी गळती आहे. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह असे आकलनाचे तीन प्रकार मांडले होते. आपल्या वर्गात बहुधा मधला टप्पा निसटला असावा. गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब काढून, एक रेघ खोडून तिच्याजागी दहा टिंबे काढण्याची उदाहरणे आठवडाभर द्यावीत. यासाठी साहित्य लागत नसल्यामुळे आपण इतर इयत्तांकडे वळलात तरी काम अडत नाही.

साहित्याबद्दल एक सांगावेसे वाटते. दोऱ्याने घट्ट बांधलेले किंवा डिंकाने चिकटवलेले तयार गठ्ठे दिसायला नीटनेटके असले, तरी ते सुटत नाहीत, आणि या उदाहरणात सगळे मर्म तर गठ्ठा सुटण्यातच आहे. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडून मुलांनीच दहा-दहा मोजून रबराने बांधावेत. गणित पेटीतल्या खेळातल्या नोटा त्यानंतर घ्याव्यात. दहाची नोट सुटत नाही, ती मोडून घ्यावी लागते, आणि ती दहा नाण्यांएवढी आहे हे मुलाला मानून चालावे लागते. ४०२ − १५७ सारख्या उदाहरणात मधल्या शून्यापाशी मुले अडखळतात, तेथे मात्र पुन्हा हीर काढावेत. शंभराचा मोठा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे, आणि त्यांतला एक सोडून दहा सुटे, असे दोनदा सोडल्यावर दशकाच्या घरात ९ कोठून आले याचे उत्तर मूलच देते.

काडीला हात लावण्यापूर्वी ‘यात एक गठ्ठा सोडावा लागेल’ असे मूल सांगू लागले की त्याच्यासमोरून काड्या काढून घ्याव्यात, इतरांचे चालू असले तरीही.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत मणी, चिंचोके, खेळ यांतच गणिताचा तास जातो आणि घरी ती अजून बोटांवर बेरीज करते. ही सवय मोडावी का?
— एक पालक, कराड

उत्तर : बोटांना मनाई करू नये, मुले मग ती पाठीमागे लपवून मोजतात. शाळेतले खेळ वाया जात नाहीत. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन व संख्याज्ञान यावे, यासाठी केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानातही कृतीतून शिकण्यावर भर आहे. मात्र ती ८ + ५ करताना एकपासून सगळी बोटे मोजत असेल, तर लक्ष द्यायला हवे. कागदावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखून त्यांत आठ चिंचोके ठेवायला सांगा. दोन घरे रिकामी दिसतात, पाचांतले दोन तेथे जातात आणि बाहेर तीन उरतात. दहा पूर्ण करून पुढे जाण्याची ही रीत अंगवळणी पडली की बोटांची गरज आपोआप कमी होते.

प्रश्न : कागदी वर्तुळे कापून अपूर्णांक शिकवले, तरी चौथीची मुले १/४ हा १/३ पेक्षा मोठा म्हणतात. दुसरे कोणते साधन घ्यावे?
— एक शिक्षक, वाई

उत्तर : वर्तुळाऐवजी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घ्याव्यात. वर्तुळाचे तीन समान भाग घडी घालून करणे मोठ्यांनाही साधत नाही आणि भाग असमान झाले की तुलना निरर्थक ठरते; पट्टीची तिहेरी घडी मात्र थोड्या सरावाने मुलांना जमते. एक पट्टी तिघांत आणि दुसरी चौघांत वाटायची असे सांगून मुलांनीच घड्या घालाव्यात आणि पट्ट्या एकाखाली एक ठेवून प्रत्येकाच्या वाट्याचा एक-एक तुकडा रंगवावा. वाटेकरी वाढला की वाटा आखडतो हे त्यांना व्यवहारात ठाऊक असतेच. छेदातला ४ हा वाटेकऱ्यांची संख्या सांगतो, हे पट्टी समोर असतानाच लिहून घ्यावे. नंतर मुद्दाम लहान-मोठ्या दोन पट्ट्या देऊन लहानीचा अर्धा आणि मोठीचा पाव शेजारी ठेवावा. पाव मोठा निघाला की वर्गात वाद सुरू होतो, आणि तो मिटवण्याची घाई आपण करू नये.