आमच्या छोट्या गावाचा इतिहास आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जपून ठेवायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

भांड्यांपासून करा. चेष्टा करत नाहीये.

मी जुन्या नाशकातला, तांबट आळी घरापासून हाकेच्या अंतरावर. काही वर्षांपूर्वी मलाही तुमच्यासारखीच हुक्की आली. मोबाइल घेऊन शेजारच्या आजींसमोर बसलो आणि म्हटलं, "आजी, जुन्या नाशिकचा इतिहास सांगा." त्या एकदम सावरून बसल्या आणि रामाचा वनवास, पंचवटी, सीतागुंफा असं सगळं वीस मिनिटं सांगत राहिल्या. शाळेत शिकवतात तेच.

दुसऱ्या खेपेला चहा होईस्तोवर मी फळीवरचा पितळी डबा सहज खाली घेतला. झाकणावर नाव आणि लग्नाची तारीख घातलेली. "हा कुणी दिला?" एवढंच विचारलं, तर तासभर थांबल्या नाहीत. डबा कुणाच्या रुखवतातला, कल्हईवाला कुठल्या ओट्यावर बसायचा, आणि तांबटांची ठोकठोक बंद असली की पाळण्यातलं पोर दुपारचं झोपायचंच नाही, कारण त्याला त्या आवाजाचीच सवय!

सन मात्र विचारू नका. माणसं सन चुकवतात आणि मग ओशाळून गप्प होतात. आमच्याकडे विचारायचं ते "पुराच्या आधी की नंतर?" पूर म्हणजे १९६९ चा. तरुण माणूस असेल तर २००८ चा. पाणी किती होतं तेही फुटांत कुणी सांगत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, की डोक्यावरून गेलं, हे आमचं माप. दुसरा खुंटा सिंहस्थाचा. तो साधारण बारा वर्षांनी येतो: १९८०, १९९१-९२, २००३, २०१५. "धाकटी तेव्हा रांगत होती" म्हटलं की वर्ष सापडलंच. तुमच्या गावात १९७२ चा दुष्काळ चालेल, वीज आली ते वर्ष चालेल, पहिली एसटी चालेल.

आता माझा गाढवपणा. पहिल्या सात मुलाखती फोनमध्येच ठेवल्या होत्या, 'नवीन रेकॉर्डिंग ३' असल्या नावांनी. फोन रामकुंडात पडला. त्या सातांतले दोघं आज नाहीत. आजींनी डब्याची गोष्ट परत सांगितली खरी, पण दुसऱ्यांदा ती पाठ म्हटल्यासारखी आली. म्हणून रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी उतरवा. सुरुवातीला तारीख, नाव, आळी मोठ्याने बोला. पंखा बंद करा (मे महिन्यात जीव जातो, पण करा). जुन्या फोटोची मागची बाजूही टिपा, बहुतेक वेळा खरी माहिती तिथेच असते.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. वर्षभर मी फक्त वाड्यांत फिरलो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये त्यावर जेमतेम एक वाक्य होतं: "हो, तेव्हा काहीतरी गडबड झाली होती." ज्यांच्या घरचं माणूस सत्याग्रहाला बसलं होतं त्यांच्याकडे गेलो, तर तिथे तिसऱ्या पिढीलाही ते काल घडल्यासारखं तपशीलवार ठाऊक. दोन्ही जसंच्या तसं ठेवलंय. जुळवत बसलो नाही, तुम्हीही बसू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाव नाशिक जिल्ह्यातलं असेल तर इंग्रजी अमदानीतलं १८८३ चं गॅझेटियर बघा. गाव कुठलंही असो, रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांना विसरू नका. गाव आणि आडनाव सांगितलं की ते लाल कापडातून वही काढतात, आणि तुमच्याकडचं कुणी पूर्वी इथे विधीला आलं असेल तर त्याच्या हातची नोंद निघू शकते. माझ्या एका मित्राला पणजोबांची सही अशीच सापडली. घरी त्यांचा फोटोसुद्धा नव्हता.

आणि कुठेही टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. आजींनी दोन गोष्टी "हे तुझ्यापाशीच ठेव" म्हणून सांगितल्या. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, बायकोलाही ऐकवलेल्या नाहीत.