पट्टा दिसला, पण विषाणू सापडला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हरभऱ्याच्या मर रोगातून काढलेली फ्युजॅरियम या बुरशीची एक कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला वाण) बाकीच्यांपेक्षा सावकाश वाढते, तिच्यातले डीएनए-आरएनए जेलवर लांबीनुसार वेगळे केले की अडीच केबीच्या (अडीच हजार अक्षरांच्या) आसपास पट्टा दिसतो, आणि गाइड म्हणतात, विषाणू मिळाला, पेपर लिहायला घ्या. जरा थांबा.

आधी तो पट्टा दुहेरी धाग्याच्या आरएनएचाच, म्हणजे बुरशीतल्या विषाणूंच्या नेहमीच्या खुणेचाच, आहे ना, ते बघा. डीएनए तोडणारं एन्झाइम, डीएनेझ, तर द्याच. मग नमुन्याचे दोन भाग करून दोन्हींत आरएनए तोडणारं आरएनेझ-ए घाला. एकात मीठ भरपूर, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. जास्त मिठात पट्टा टिकला आणि कमी मिठात उडाला, तर तो दुहेरी धाग्याचा आरएनए, पुढे जा. हे सांगतोय कारण मी स्वतः दोन महिने एका झकास पट्ट्यामागे घालवलेत. डीएनेझची कुपी जुनी होती आणि पट्टा निघाला मायटोकाँड्रियातल्या प्लाझमिडचा, म्हणजे डीएनएच्या सुट्या तुकड्याचा.

अडीच केबी म्हटलं की मला पहिला संशय मायटोव्हायरसचा, बुरशीच्या मायटोकाँड्रियात राहणाऱ्या विषाणूचा, येतो. त्याला कवच नसतं, एकच जनुक असतं, आरएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचं. म्हणजे कण शोधायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर पैसे घालू नका. सीक्वेन्सिंगला देताना पॉली-ए शेपटीवाले आरएनए तेवढे निवडू नका, या विषाणूला ती शेपटी नसते; बुरशीचा राइबोसोमल आरएनए काढून उरलेल्याची लायब्ररी करा. आणि सीक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर नेहमीच्या जनुकीय कोडने केलंत तर जागोजागी स्टॉप (थांबा-खुणा) दिसतील नि वाटेल सगळा कचरा आला. जनुकीय कोडचा तक्ता ४ लावा. नेहमीच्या कोडमध्ये यूजीए म्हणजे स्टॉप, बुरशीच्या मायटोकाँड्रियात यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. नंतर त्या सीक्वेन्सवरून प्रायमर करा आणि आरटी (आरएनएवरून डीएनए बनवण्याची पायरी) न करता बुरशीच्या नुसत्या डीएनएवर पीसीआर चालवा. तिथेही बँड आला तर तो बुरशीच्या जीनोममध्ये शिरलेला जुना तुकडा असू शकतो.

आता खरी गोम. सावकाश वाढ विषाणूमुळेच, हे कशावरून? बुरशीतले बहुतेक विषाणू काही त्रास न देता गुमान राहतात, आणि सारखं सब-कल्चर केलं तरी कल्चर मरगळतेच. दुसऱ्या शेतातल्या कल्चरशी केलेली तुलना इथे कुचकामी. तीच कल्चर, विषाणूसह आणि विषाणूविना, अशी जोडी हवी. यलोस्टोनच्या तापलेल्या मातीतल्या गवताचं २००७ चं काम बघा: त्यांनी गवतातल्या कर्व्ह्युलॅरिया बुरशीतून विषाणू घालवला, तेव्हा गवताची उष्णता सोसायची ताकद गेली, तंतू जुळवून विषाणू परत दिला, ताकद परत आली. जाऊन-येऊन दोन्ही बाजू दाखवल्या, म्हणून कुणी शंका घेत नाही.

तुम्ही एकेका कोनिडियमपासून (बुरशीच्या बीजाणूपासून) वीसेक कल्चर काढा, प्रत्येकीत विषाणू आहे का हे आरटी-पीसीआरने तपासा. एखादी तरी विषाणूमुक्त निघाली तर नशीब. नाही निघाली तर तंतूंची टोकं कापून पुन्हा. विषाणू परत द्यायला मात्र दोन कल्चरचे तंतू एकमेकांशी जुळायला हवेत, विजोड असतील तर कडेला मरून जातात. आणि मूळ कल्चर आजच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला टाका, प्लेटवर फिरवत बसू नका.